एका पानावर पाच वर्षे : ऋतुनोंदवहीचे परीक्षण

एखाद्या वस्तूच्या परीक्षणासाठी पाच वर्षे थांबावे लागते, असे सहसा होत नाही. पण ज्या वहीविषयी मी येथे लिहीत आहे ती पूर्ण भरल्याखेरीज तिच्याबद्दल मत देणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नसते, कारण तिचा खरा उपयोग दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरू होतो आणि त्याचे मोल त्याहूनही उशिरा कळते. 1 जानेवारी 2021 रोजी मी तिच्यात पहिली नोंद केली आणि 31 डिसेंबर 2025 रोजी शेवटची. या धाटणीच्या ऋतुनोंदवह्या आज अनेक जण काढतात. त्यांत फरक असतो तो कागदाचा, बांधणीचा आणि छापील मजकुराचा, मूळ कल्पना मात्र सगळीकडे एकच असते. म्हणून निर्मात्याचे नाव न घेता मी त्या कल्पनेविषयी, तिच्यातील उणिवांविषयी आणि तिने मला दिलेल्या आधाराविषयी लिहिणार आहे.

वहीत वर्षातल्या प्रत्येक तारखेचे एक, अशी 366 पाने आहेत. प्रत्येक पानावर एकाखाली एक पाच खण आखलेले असून प्रत्येक खणात सहा ओळी मावतात. खणाच्या डाव्या टोकाला वर्ष लिहिण्यासाठी मोकळी जागा ठेवलेली आहे, त्यामुळे वही कोणत्याही दिवशी सुरू करता येते. उजव्या समासात आभाळ, वारा आणि ‘आज पहिल्यांदा दिसले’ यांसाठी तीन बारीक चौकटी आहेत. पहिल्या वर्षी आपण फक्त वरचा खण भरतो आणि खालचे चार कोरे राहतात. दुसऱ्या वर्षी त्याच तारखेला तेच पान पुन्हा उघडावे लागते, आणि लिहिण्यापूर्वी वरची नोंद वाचल्यावाचून राहवत नाही. वहीची सगळी करामत एवढ्याच गोष्टीत आहे. साध्या रोजनिशीत आजच्या शेजारी कालचा दिवस असतो. येथे आजच्या डोक्यावर गेल्या वर्षीचा हाच दिवस असतो. 29 फेब्रुवारीच्या पानावर माझ्या पाच खणांपैकी एकच भरला आहे, तो 2024 सालचा, आणि ते चार कोरे खण पाहताना पृथ्वीच्या प्रदक्षिणेला नेमके 365 दिवस पुरत नाहीत, वर जवळजवळ सहा तास लागतात, हे आकडे पाठ न करताही कळते आणि दर चार वर्षांनी साठून येणारा तो दिवसाचा चतुकोर चतुकोर भाग डोळ्यांना दिसतो.

छापील चौकटींत निसर्ग टिपण्याची ही पद्धत नवी नाही. इंग्लंडमध्ये डेन्स बॅरिंग्टन यांनी अठराव्या शतकात तापमान, वायुभार, वारा, पाऊस, फुललेली झाडे, दिसलेले पक्षी अशा रकान्यांचे छापील तक्ते तयार केले होते. सेलबोर्न या खेड्यातील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांनी 1768 पासून ते तक्ते भरायला सुरुवात केली आणि 1793 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पाव शतक, ते काम सोडले नाही. त्याच देशातील रॉबर्ट मार्शम यांनी तर त्याआधीच, 1736 मध्ये, वसंताच्या आगमनाच्या खुणा नोंदवायला घेतल्या होत्या. कोणते झाड कधी पालवले, कोणता पक्षी कधी परतला, पहिला बेडूक कधी ओरडला. त्यांच्या मागे त्यांच्या घराण्यातील पिढ्यांनी या नोंदी 1958 पर्यंत चालू ठेवल्या. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत व्हाइट आणि मार्शम यांचा एकमेकांशी पत्रव्यवहारही झाला. व्हाइट हे पेशाने धर्मोपदेशक असल्यामुळे त्यांचा मला विशेष ओढा वाटतो. प्रार्थना आणि पावसाची मोजदाद ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच दिवशी करावीत, यात त्यांना काही विसंगत वाटले नसावे. मलाही आता तसे वाटत नाही, पण त्या ठिकाणी पोहोचायला मला वेळ लागला.

पहिले वर्ष छंदाचे होते, हे मान्य केले पाहिजे. वहीच्या वेष्टनावर ‘मनःशांती’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला होता आणि त्यावर माझा फारसा विश्वास नव्हता. मला फक्त लक्ष देऊन पाहण्याची सवय लावून घ्यायची होती. मी दोन गोष्टी निवडल्या. एक, दुपारी बाराच्या सुमारास खिडकीतून आत येणारा उन्हाचा कवडसा, आणि दुसरी, खिडकीसमोरचे पानगळीचे झाड. ज्याला ही वही घ्यायची असेल त्याने सुरुवातीला यापेक्षा जास्त काही हाती घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. दहा गोष्टी टिपायला निघालेला माणूस तिसऱ्या आठवड्यात वही बंद करतो.

कवडसा फरशीवर कुठवर आला, हे मी फरश्या मोजून लिहीत असे. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे तो खोलीच्या पार आतपर्यंत येई आणि पुढे हळूहळू मागे सरत उन्हाळ्यात खिडकीच्या कडेशीच थांबे. पृथ्वीचा अक्ष 23.4 अंशांनी कललेला असल्यामुळे मध्यान्हीच्या सूर्याची उंची वर्षभरात सुमारे 47 अंशांनी बदलते, हे मी शाळेत शिकले होते. पण ते 47 अंश माझ्याच खोलीत, माझ्याच पायाखालच्या फरशीवर आखलेले आहेत, हे मला वही धरल्यावर समजले. मार्च महिन्यात कवडसा आठवड्याला सहज दिसेल इतका सरकत असे, तर डिसेंबर आणि जूनच्या अयनदिनांच्या आसपास तो दिवसचे दिवस एकाच ठिकाणी खिळल्यासारखा वाटे. वळण घेताना सूर्य थांबल्यासारखा दिसतो. त्या दिवसांतल्या माझ्या नोंदी एकसुरी आहेत: ‘कवडसा तिथेच.’ ‘कवडसा तिथेच.’ ‘तिथेच, किंवा बोटभर मागे.’ पहिल्या वर्षी हे लिहिताना मला कंटाळा आला होता.

झाडाने मात्र पहिल्याच वर्षी एक गोष्ट दाखवली, जी मी इतकी वर्षे झाडाखालून जाऊनही पाहिली नव्हती. पानगळ म्हणजे झाडाचे काहीतरी सुटून जाणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात झाड आधी पानातले हरितद्रव्य मोडते आणि त्यातले नत्रासारखे उपयोगी अंश फांदीत परत ओढून घेते; पानातला पिवळा रंग त्या वेळी नव्याने येत नाही, तो आधीपासूनच असतो आणि हिरवा उतरल्यावर उघडा पडतो. मग देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार होतो, पान त्या ठिकाणी सुटते आणि जखम आधीच बुजलेली असते. 2021 च्या नोव्हेंबरात खिडकीपर्यंत आलेली एक फांदी मी हाताने ओढून जवळून पाहिली. जिथून पान गळले होते तिथे नखाएवढा फिकट वण होता आणि त्या वणाच्या अगदी वर, त्याला चिकटून, एक टणक, टोकदार, तपकिरी डोळा होता. आपल्याकडे कोंब फुटण्याच्या जागेला डोळा म्हणतात, तो हाच. अजून न गळलेल्या पानाचा देठ बाजूला सारून पाहिले, तर तिथेही डोळा तयारच होता. म्हणजे पान पडल्यानंतर झाडाला पुढचे सुचत नाही. पान अजून हिरवे असताना, भर उन्हाळ्यात, त्याच्या काखेत पुढच्या वर्षाची पाने घडी घालून ठेवलेली असतात. त्या दिवशीचा खण पुरला नाही म्हणून मी समासातही लिहिले आहे, आणि वहीतले ते सर्वांत गिचमिड पान आहे.

9 ऑक्टोबर 2022 रोजी माझी थोरली बहीण गेली. आजार काही महिन्यांचा होता, पण आम्ही कोणीच तयार नव्हतो. या परीक्षणात तिच्याविषयी अधिक लिहिणे उचित नाही. परंतु तिच्याशिवाय या वहीविषयी खरे काही सांगता येणार नाही, म्हणून एवढे सांगते की त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. हात जोडले की शब्द आठवत, पण ते कोणीतरी दुसऱ्याने लिहून दिल्यासारखे वाटत. भेटायला येणारी माणसे चांगली होती, त्यांनी सांगितलेल्या गोष्टी चांगल्या होत्या, आणि त्यांतली एकही आत पोहोचत नव्हती. दोन आठवड्यांनी मी वही पुन्हा उघडली ती निव्वळ सवयीने. त्या दिवशी मी ‘पाने पिवळी. वारा नाही’ एवढेच लिहिले. त्यात माझे काहीच नव्हते आणि म्हणूनच ते लिहिता आले.

पुढचे तीन महिने मी प्रार्थनेच्या वेळी वही घेऊन बसत असे. आज मागे वळून पाहताना मला वाटते की त्या काळात तीच माझी प्रार्थना होती: रोज ठरलेल्या वेळी बसणे, स्वतःखेरीज दुसऱ्या कशाकडे तरी लक्ष लावणे आणि जे आहे ते तसेच्या तसे मान्य करून लिहिणे. झाड पालवावे म्हणून मला काही करायचे नव्हते. सूर्य वळावा म्हणून मला बळ लावायचे नव्हते. ज्या वर्षी माझ्या हातून काहीच निभावले नाही असे वाटत होते, त्या वर्षी माझ्यावर काहीही अवलंबून नसलेली एक फार मोठी गोष्ट रोज बिनचूक चाललेली पाहणे, याने मला जो विसावा दिला तो कोणत्याही उपदेशाने दिला नव्हता.

त्या डिसेंबरात दोन माहितीच्या गोष्टींनी मला सावरले, आणि दोन्ही वहीच्या निमित्ताने समोर आल्या. पहिली अशी. ऋतू सूर्यापासूनच्या अंतरामुळे होतात असा पुष्कळांचा समज असतो, पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर असते ती जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर. उत्तर गोलार्धात सर्वांत थंड आणि अंधारे दिवस चालू असताना आपण सूर्याच्या वर्षातील सर्वांत जवळच्या जागी असतो. अंतर वाढलेले नसते; आपली बाजू कललेली असते. यातून कोणताही सिद्धांत मी काढत नाही, आणि खगोलशास्त्राला माझ्या दुःखाशी काही देणेघेणे नाही हे मला ठाऊक आहे. तरीही त्या थंडीत, देव आहे की नाही हा प्रश्न विचारण्याचेही त्राण नसताना, ‘दूर वाटणे’ आणि ‘दूर असणे’ या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे एका आकड्याने मला सांगितले आणि मी ते 4 जानेवारी 2023 च्या खणात लिहून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक उपयोगी पडली. 22 डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो, पण थंडी त्या दिवसापासून कमी होत नाही. पुष्कळ ठिकाणी ती पुढे कित्येक आठवडे वाढतच जाते, कारण जमीन आणि पाणी यांनी साठवलेली ऊब सावकाश खर्च होते आणि सावकाशच परत जमते. 2021 च्या माझ्या नोंदी याला साक्ष होत्या. जानेवारीच्या पानांवर एका बाजूला कवडसा मागे सरकू लागल्याची नोंद होती आणि दुसऱ्या बाजूला ‘आज सर्वांत जास्त गारठा’ अशी. बहीण गेल्यावर पहिले दोन महिने धावपळीत गेले आणि खरे दुःख जानेवारीत दाटून आले, तेव्हा सगळ्यांना वाटत होते की मी एव्हाना सावरायला हवे होते, आणि मलाही स्वतःचा राग येत होता. दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताने लिहिलेल्या त्या दोन नोंदी एकाखाली एक वाचताना तो राग निवळला. वळण होऊन गेलेले असते आणि गारठा तरीही वाढत असतो. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. अयनदिनाच्या सुमाराच्या ‘कवडसा तिथेच’ या कंटाळवाण्या नोंदी मी त्या वर्षी किती वेळा वाचल्या, ते सांगता येणार नाही.

आता उणिवांकडे वळते, कारण त्या लहान नाहीत.

वहीने वर्षाचे चार भाग केले आहेत आणि प्रत्येक भागाला वेगळ्या रंगाची कड दिली आहे. ही मला तिची सर्वांत मोठी चूक वाटते. मराठीत वाढलेल्या माणसाच्या जिभेवर वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत आणि शिशिर असे सहा ऋतू असतात. विषुववृत्ताजवळच्या पुष्कळ प्रदेशांत पावसाळा आणि कोरडा काळ एवढे दोनच ऋतू धरतात. चिनी पंचांगात वर्षाचे 24 भाग असून ती परंपरा 2016 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. त्याच परंपरेतून जपानमध्ये गेलेली पाच-पाच दिवसांच्या 72 सूक्ष्म ऋतूंची मांडणी शिबुकावा शुनकाई या खगोलज्ञाने 1685 मध्ये तिथल्या हवामानाला अनुसरून नव्याने लिहिली. शिवाय दक्षिण गोलार्धातील माणसाच्या हाती ही वही पडली, तर छापलेले चारही रंग त्याच्यासाठी उलटे आहेत. चारही भाग सारखे पाडले आहेत, तेही वस्तुस्थितीला धरून नाही. पृथ्वीची गती कक्षेत सगळीकडे सारखी नसल्यामुळे उत्तर गोलार्धाचा वसंत आणि उन्हाळा मिळून सुमारे 186 दिवसांचा होतो, तर शरद आणि हिवाळा मिळून सुमारे 179 दिवसांचा. ज्याला ऋतूंपासून आधार हवा आहे, त्याला आपल्या दारातले ऋतू किती आणि कोणते हे स्वतः शोधू दिले पाहिजे. मी दुसऱ्या वर्षी त्या रंगीत कडांवर कागदाची पट्टी चिकटवली आणि माझ्या नोंदींतून मला दिसलेल्या सीमा पेन्सिलीने आखल्या. त्या सात निघाल्या.

दुसरी उणीव छापील चिंतनांची. प्रत्येक महिन्याच्या आरंभी एक पानभर मजकूर आहे आणि त्यात ‘पानांप्रमाणे जुने सोडून द्या’, ‘हिवाळ्यानंतर वसंत येतोच’ अशी वाक्ये आहेत. सुखात असताना ही वाक्ये वाचून पुढे जाता येते. ऑक्टोबर 2022 नंतर ती मला वाचवेनात. झाड पान ‘सोडून देत’ नाही, पानातले जे घेण्यासारखे आहे ते सगळे आधी आत घेते, हे पाहिलेल्या माणसाला असले वाक्य खोटे वाटते. आणि वसंत येतो खरा, पण त्याच पानांचा येत नाही. ज्याचे माणूस गेले आहे त्याला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. ऋतूंच्या फेऱ्यात जे परत येते त्यात माझी बहीण नाही, हे वही भरताना मी दरवर्षी नव्याने मान्य केले आहे, आणि मला मिळालेला आधार या मान्य करण्याला वगळून नाही, त्याला धरून आहे. प्रकाशकांनी ही बारा पाने कोरी सोडली असती तर वही अधिक खरी झाली असती.

बाकीचे दोष वापरातले आहेत. कागद पातळ असल्यामुळे शाईच्या पेनाचे लिखाण मागच्या पानावर उमटते, म्हणून पेन्सिल किंवा बॉलपेन वापरावे. बांधणी शिवलेली असली तरी जून आणि जुलैची पाने, म्हणजे वहीचा मधला भाग, सपाट उघडत नाही आणि डावीकडची अक्षरे शिवणीत जातात. चौथ्या वर्षी माझ्या वहीचा पुठ्ठा पाठीकडून सुटला. मी तो कापडाची पट्टी लावून सांधला. पाच वर्षे रोज हाताळायच्या वस्तूची पाठ चार वर्षांत सुटावी, हे निर्मात्याला शोभत नाही. सहा ओळींची मर्यादा मात्र मला दोष वाटत नाही. अधिक जागा असती तर मी स्वतःविषयी लिहीत बसले असते.

एक सावधगिरीही सांगणे आवश्यक आहे. काही माणसांना दिवस लहान होऊ लागले की दरवर्षी खोल नैराश्य येते. नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये या ऋतुबद्ध नैराश्याचे वैद्यकीय वर्णन केले आणि त्यावर प्रखर प्रकाशाच्या उपचारासह इतर उपचार उपलब्ध आहेत. तो आजार आहे आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. नोंदवही त्याची जागा घेऊ शकत नाही आणि अशा माणसाला ‘ऋतूशी एकरूप हो’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे.

आणखी एका बाबतीत या वहीने मला शांतता दिली नाही, अस्वस्थता दिली, आणि तीही तिच्या गुणांतच धरली पाहिजे. माझ्या झाडाचा पहिला डोळा फुटल्याच्या पाच तारखा एकीखाली एक ठेवल्या तर त्या सारख्या नाहीत. त्यांच्यात दोन आठवड्यांहून अधिक फरक आहे. एका झाडाच्या पाच नोंदींवरून कोणताही निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पण क्योटो येथील चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून सापडतात, आणि त्या दीर्घ मालिकेत 2021 चा पूर्ण बहर 26 मार्चला, तोवरच्या बाराशे वर्षांतील सर्वांत लवकर, आला. त्याआधीचा विक्रम 1409 सालच्या 27 मार्चचा होता. झाडांना कळी फुटण्याआधी ठरावीक थंडी सोसावी लागते आणि मग ऊब लागते. हवामान तापते तसे हे गणित बदलते. ज्या फेऱ्यावर टेकून मी उभी राहिले तो फेराही अढळ नाही आणि त्याला धक्का माणसांनी लावला आहे, हे समजल्यावर आधार घेणे आणि राखणे या गोष्टी मला वेगळ्या करता येईनात. पूर्वी मी झाडाकडे काहीतरी मागण्यासाठी पाहत असे. आता त्या पाहण्यात काळजीही असते, आणि माझ्या प्रार्थनेतही झाड आले आहे.

होय, प्रार्थना परत आली. कोणत्या दिवशी, ते वहीत सापडत नाही. 2024 च्या वसंतातल्या कुठल्यातरी पानावर ती होती आणि त्याआधीच्या पानावर नव्हती, एवढेच सांगता येते. शब्द जुनेच आहेत, पण आता ते दुसऱ्याने लिहून दिल्यासारखे वाटत नाहीत.

9 ऑक्टोबरचे पान मी येथे जसेच्या तसे सांगते, कारण ही वही काय करते याचे त्याहून चांगले वर्णन मला करता येणार नाही. पहिला खण, 2021: ‘ढगाळ. शेंड्याकडची तीन पाने पिवळी. ताईचा फोन, अर्धा तास, तिच्या गॅलरीतल्या कुंड्यांविषयी.’ दुसरा खण कोरा आहे. तिसरा, 2023: ‘ऊन. पाने अजून हिरवी. वरचा खण भरणार नाही.’ चौथा, 2024: ‘रात्री पाऊस. पिवळी पाने मोजली नाहीत. ताईच्या कुंड्यांपैकी एक आता माझ्याकडे आहे, तिला नवी पालवी.’ पाचवा, 2025: ‘वारा. सकाळी बराच वेळ खिडकीशी बसले. पान गळताना पाहिले, एकच, वाऱ्याशिवाय पडल्यासारखे सरळ.’ तो कोरा खण नंतर भरावा असे मला अनेकांनी सुचवले. साध्या रोजनिशीत कोरा राहिलेला दिवस मागे पडतो आणि दिसेनासा होतो. या पानावर त्याच्या वरही लिहिलेले आहे आणि खालीही, आणि मध्ये सहा रिकाम्या ओळी आपली जागा धरून आहेत.

ही वही घ्यावी का, याचे उत्तर माणसागणिक बदलेल. ज्याला महिन्याभरात बरे वाटायला हवे आहे, त्याच्यासाठी ती नाही. पहिल्या वर्षी ती जवळजवळ काहीच देत नाही. ज्याला रोज पाच मिनिटे एकाच झाडाकडे, एकाच कवडशाकडे किंवा आभाळाच्या एकाच तुकड्याकडे पाहता येईल आणि खालचे चार कोरे खण पाहून धीर सुटणार नाही, त्याने ती जरूर घ्यावी. शक्य असेल तर छापील चिंतनांशिवायची आणि ऋतूंचे रंग न दिलेली प्रत शोधावी; न मिळाल्यास साध्या जाड वहीत स्वतः खण आखून घेतले तरी चालेल. मीही दुसऱ्या वहीसाठी तेच केले आहे. तिची पाने मी डिसेंबरच्या मोठ्या रात्रींत पट्टीने आखली, आणि 1 जानेवारी 2026 च्या पानावर पहिल्या खणात लिहिले आहे: ‘धुके. कवडसा नाही. झाड पूर्ण उघडे. खिडकीजवळच्या फांदीवर डोळे अकरा.’